एसएमपीएस बदलूनही संगणक रिस्टार्ट होत होता: एका झेरॉक्स दुकानातलं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावात एका गाळ्यात हे दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो आणि लग्नपत्रिका अशी सगळी कामं तिथे होतात. दुकान नवरा-बायको मिळून चालवतात. ते ओळखू येतील असे तपशील इथे गाळले आहेत.

पत्रिकांचं डिझाइन आणि फोटोंचं काम एकाच संगणकावर चालतं. साधारण पाच वर्षांपूर्वी सुटे भाग जोडून बनवलेला संगणक आहे: ६५ वॅटचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एसएसडी आणि ७५ वॅटचं ग्राफिक्स कार्ड. या कार्डाला वेगळी वायर लागत नाही, मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच त्याला वीज मिळते. पूर्ण जोरात काम चालू असताना हा संगणक भिंतीतून साधारण १७० वॅट ओढतो. म्हणजे फार भुकेलं यंत्र नाही.

दिवाळीला दुकानात नवीन, मोठं झेरॉक्स मशीन आलं आणि संगणकाच्याच स्विचबोर्डवर जोडलं गेलं. फेब्रुवारीत यूपीएसची बॅटरी गेली, म्हणून यूपीएस काढून संगणक थेट बोर्डात लावला. मार्चमध्ये तक्रार सुरू झाली. या तीन गोष्टी अशा ओळीने लिहिल्या की उत्तर समोरच दिसतं. पण त्या वेळी कोणीच त्या एका ओळीत सांगितल्या नव्हत्या. मदरबोर्ड बदलावा लागेल असं आधीच्या दुरुस्तीवाल्याने सांगितल्यावर, पैसे घालण्याआधी दुसरं मत घ्यावं म्हणून मालकांनी मला बोलावलं.

तक्रार नेमकी काय होती

“कॉम्प्युटर मधेच बंद पडतो” एवढ्या वाक्यावर काहीच ठरवता येत नाही. बंद पडण्याचे किमान तीन प्रकार असतात आणि तिघांची कारणं वेगळी असतात. बटण दाबलं तरी यंत्र जागचं हलत नाही, तेव्हा एसएमपीएस, म्हणजे भिंतीतल्या विजेतून संगणकाला लागणारे कमी व्होल्टेज बनवणारा डबा, मेलेला असू शकतो किंवा मदरबोर्ड. चालता चालता बंद पडून तसंच राहतं आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय उठत नाही, तेव्हा एसएमपीएसने जास्त करंट किंवा शॉर्ट ओळखून स्वतःला कुलूप लावलेलं असतं. तिसऱ्या प्रकारात स्क्रीन क्षणात काळी होते आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होतं.

इथे तिसरा प्रकार होता. या प्रकारात मी आधी करड्या वायरीचा विचार करतो. एसएमपीएसच्या २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये एक करडी वायर असते. सगळे व्होल्टेज ठीक असल्याचा ‘पॉवर गुड’ संदेश ती मदरबोर्डला देते. तो संदेश क्षणभर जरी तुटला तरी मदरबोर्ड प्रोसेसरला रिसेट करतो. वीज परत सावरली की यंत्र नव्याने सुरू होतं. विंडोजला सांगायलाही वेळ मिळत नाही, म्हणून निळी स्क्रीन दिसत नाही.

इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडला तर कर्नल-पॉवर ४१ या नोंदींची रांग होती आणि प्रत्येकीत बगचेककोड, म्हणजे विंडोज कोसळल्याचं कारण सांगणारा आकडा, शून्य. पुष्कळ जण ही ४१ ची नोंद पाहून ‘पॉवर सप्लाय खराब’ असा निकाल देतात. ही नोंद फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. कोणी रागाने प्लग उपटला तरी हीच नोंद पडते. बगचेककोड शून्य असल्याने मात्र एक गोष्ट कळली: विंडोज स्वतःहून कोसळलं नव्हतं, त्याच्या खालचा आधार गेला होता.

आधी झालेले उपाय

आधीच्या दुरुस्तीवाल्याने रॅम काढून खोडरबरने घासली होती. या उपायाला हसायचं कारण नाही. पिनांवर चढलेला थर निघतो आणि कित्येक यंत्रं त्याने खरोखर सुरू होतात. पण इथे फरक पडला नाही. मग विंडोज नव्याने टाकून झालं. त्यानंतर त्याने एसएमपीएस काढला, हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरतो का ते पाहिलं आणि पंखा फिरला तरी संशय म्हणून तो बदलला. ₹७०० चा नवा बसवला. रिस्टार्ट होणं कमी झालं, थांबलं नाही. तेव्हा त्याने निष्कर्ष काढला की एसएमपीएस नवा आहे, रॅम ठीक आहे, विंडोज नवं आहे, म्हणजे आता राहिला मदरबोर्ड.

तर्क वरवर पाहता बिनचूक आहे, पण त्यात ‘नवा म्हणजे चांगला’ हे न तपासलेलं गृहीतक आहे. भाग बदलून पाहणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात भरवशाची चाचणी खरी, पण बदली भाग दुसऱ्या यंत्रावर, पूर्ण जोरात चालून सिद्ध झालेला असेल तरच. खोक्यातून काढलेल्या स्वस्त एसएमपीएसने फार तर एका अज्ञाताच्या जागी दुसरा अज्ञात येतो.

त्याने जुना एसएमपीएस उघडून आतला तपकिरी थर मालकांना दाखवला होता: “हे बघा, कपॅसिटर लीक झालाय.” मोठे कपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यातच गोंद लावतात आणि तो उष्णतेने तपकिरी होतो. मी पाहिला तो डाग गोंदाचाच होता. कपॅसिटर गेल्याची खूण डोक्यावर बघायची असते: सपाट असायला हवं ते झाकण फुगतं किंवा फाटतं. वाचणाऱ्यांनी मात्र हे बघायला एसएमपीएस उघडू नये. २३० व्होल्ट एसीचं आत साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतं आणि प्लग काढल्यावरही काही काळ ते कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतं.

समोर असलेले पर्याय

चार वाटा होत्या. मदरबोर्ड बदलायचा, म्हणजे सहा-सात हजारांचा खर्च आणि पुन्हा सगळी जुळवाजुळव. चांगल्या कंपनीचा एसएमपीएस थेट बसवून पाहायचा. यंत्र माझ्याकडे नेऊन टेबलावर तपासायचं. किंवा जिथे बिघडतं तिथेच, दुकानात तपासायचं.

मालकांचा कल तिसऱ्या वाटेकडे होता. “तुम्ही घेऊन जा, दोन दिवस ठेवा, पण एकदाचं नीट करून द्या.” लग्नसराई होती, तरी ते यंत्र सोडायला तयार होते. मी नको म्हटलं. दुकानातली वीज, बोर्ड, शेजारची यंत्रं हे सगळं मागे ठेवून एकटा संगणक उचलून नेला, तर तक्रारीतला निम्मा भाग मागेच राहतो. माझ्याकडे तो व्यवस्थित चालला असता आणि परत नेल्यावर पुन्हा रिस्टार्ट झाला असता. दुरुस्तीवाल्यावरचा विश्वास अशा फेऱ्यांमध्येच जातो.

मदरबोर्डवर संशय घ्यायलाही कारण हवं. त्यावरचे कपॅसिटर सपाट होते, २४ पिनांचा कनेक्टर कुठे काळवंडला नव्हता, प्रोसेसरजवळचा चार पिनांचा १२ व्होल्टचा कनेक्टर घट्ट बसलेला होता. जोर दिल्यावर प्रोसेसरचं तापमानही ७० अंशांच्या आत राहत होतं.

मोजमाप, आणि त्यातून उभा राहिलेला पेच

आधी कॅबिनेट उघडं ठेवून, संगणक चालू असताना मल्टिमीटरची टोकं कनेक्टरच्या मागच्या बाजूने वायरींत सारून मोजलं. विनाकाम असताना पिवळी वायर १२.०८, लाल ५.११, नारिंगी ३.३४ आणि जांभळी, म्हणजे यंत्र बंद असतानाही जिवंत असणारी, ५.०४ व्होल्ट.

मग प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांनाही पूर्ण जोर देणारे प्रोग्राम एकत्र चालवले. पिवळी ११.६२ वर आली, लाल उलट ५.१९ वर चढली. स्वस्त एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ व्होल्ट एकाच नियंत्रणात बांधलेले असतात. एकावर भार आला की तो खाली जातो आणि दुसरा वर सरकतो. अशा एसएमपीएससाठीच्या एटीएक्स मानकाने पाच टक्के सूट दिली आहे: १२ व्होल्टची वायर ११.४० ते १२.६० आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ यांच्या मध्ये असली की पास. सगळे आकडे हद्दीत होते. हा मारा बराच वेळ चालू ठेवला, संगणक एकदाही रिस्टार्ट झाला नाही.

इथे थांबून ‘एसएमपीएस ठीक, मदरबोर्डच गेला’ म्हणणं सोपं होतं, कारण मीटर तसंच सांगत होता. पण साधा मल्टिमीटर सरासरी दाखवतो. काही मिलिसेकंदांची खाच त्याला दिसत नाही. डीसीवर स्वार असलेली लहर, म्हणजे रिपल, तीही त्याला दिसत नाही. ती मोजायला ऑसिलोस्कोप लागतो. मीटरने ‘नापास’ सांगितलं तर ते मानावं. त्याने ‘पास’ सांगितलं तर एक शक्यता कमी झाली, इतकंच.

शिवाय मला दुसरीच गोष्ट खटकत होती. पूर्ण जोरात न डगमगणारं हे यंत्र मालकांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, फक्त फॉर्म टाइप करत असताना रिस्टार्ट होत होतं. भार हे कारण असतं तर उलटं व्हायला हवं होतं. आणि माझी ही चाचणी झाली रात्री, दुकान बंद केल्यावर. झेरॉक्स मशीन तेव्हा बंद होतं.

वहीतली नोंद

वहिनींना विनंती केली: काही दिवस, रिस्टार्ट झाला की वही घ्यायची, वेळ लिहायची आणि त्या क्षणी दुकानात काय काय चालू होतं ते लिहायचं. संगणकावर काय चालू होतं एवढंच नको, दुकानात काय चालू होतं ते हवं. त्यांनी हे काम इतकं चोख केलं की पुढचं निदान मुख्यतः त्यांचंच आहे असं मी मानतो.

वहीत बहुतेक वेळा सकाळी दुकान उघडल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासातल्या आणि दुपारी जेवणानंतरच्या होत्या. दोन्ही वेळा झेरॉक्स मशीन झोपेतून जागं होत असतं. टोनर वितळवून कागदाला चिकटवणारा त्याचा फ्युजर तेव्हा पूर्ण थंड असतो आणि तापताना सगळ्यात जास्त करंट घेतो. एका ओळीत तर त्यांनी लिहिलं होतं: “सातबाराची झेरॉक्स द्यायला बटण दाबलं आणि गेला.”

त्या संध्याकाळी मी झेरॉक्स मशीन मुद्दाम झोपू दिलं, संगणकावर काम चालू ठेवलं आणि कॉपीचं बटण दाबलं. पहिल्या वेळी काही झालं नाही. मशीन पुन्हा थंड होऊ देऊन दाबलं, संगणक रिस्टार्ट झाला. मधूनमधून होणारा दोष हुकमी घडवता आला की निम्मी लढाई संपते, कारण मग प्रत्येक बदलाचा परिणाम लगेच पडताळता येतो.

चार जोड्या

माझ्या पिशवीत एक ४५० वॅटचा एसएमपीएस कायम असतो. तो मी इतर यंत्रांवर पूर्ण भाराने चालवून पाहिलेला आहे. तो बसवला आणि झेरॉक्स मशीन पुन्हा पुन्हा थंड करून जागं केलं. संगणक हलला नाही.

या ठिकाणी बहुतेक जण बिल करतात. मालकही म्हणाले, “म्हणजे एसएमपीएसच होता ना दादा? लावून टाका हाच.” माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथला आहे. एसएमपीएस बदलल्यावर त्रास थांबला, याचा अर्थ एसएमपीएस हा एकमेव दोषी आहे असा होत नाही. झटका कुठून तरी येत होता आणि चांगला एसएमपीएस तो पचवत होता, असंही असू शकतं.

म्हणून उलटी जोडी लावली. ₹७०० चा एसएमपीएस परत बसवला आणि शेजारच्या गाळ्यातून, म्हणजे वेगळ्या मीटरवरून, एक्स्टेन्शन ओढून संगणकाला वीज दिली. झेरॉक्स मशीन मात्र मूळ बोर्डावरच ठेवलं. कितीही वेळा जागं केलं तरी संगणक चालूच राहिला. स्वस्त एसएमपीएस आणि दुकानाचा बोर्ड एकत्र आले की रिस्टार्ट, दोघांपैकी एकही बदलला की ठीक. चौथी जोडी, चांगला एसएमपीएस आणि शेजारची वीज, तीही अर्थात ठीक चालली.

चारही खेपांत तेच राहिलेले भाग होते मदरबोर्ड, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड. मदरबोर्डचा विषय इथे संपला.

भिंतीच्या आत

आता बोर्ड मोजायचा होता. चालू २३० व्होल्टवर मीटर लावण्याचं काम ज्याला त्याची सवय आणि योग्य दर्जाचं मीटर आहे त्यानेच करावं.

झेरॉक्स मशीन शांत असताना फेज आणि न्यूट्रलमध्ये २१८ व्होल्ट, न्यूट्रल आणि अर्थमध्ये २. फ्युजर तापायला लागला की क्लॅम्प मीटरवर ५ अँपिअर दिसायचे. फेज-न्यूट्रल तेव्हा १९६ वर उतरायचं आणि न्यूट्रल-अर्थ १९ वर चढायचं.

या दुसऱ्या आकड्याने जागा दाखवली. अर्थच्या वायरीतून करंट वाहत नसल्याने ती मोजमापाला स्थिर टेकू देते. एकूण २२ व्होल्ट पडत होते, त्यातले १७ न्यूट्रलच्या बाजूला आणि फक्त ५ फेजच्या बाजूला. दोष नुसत्या बारीक, लांब वायरीचा असता तर दोन्हीकडे जवळपास सारखे पडले असते. न्यूट्रलमध्ये १२ व्होल्ट जास्तीचे पडत होते, म्हणजे वाटेत कुठेतरी सैल सांधा होता. १२ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे ६० वॅट. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. त्याच्या दुपटीहून जास्त उष्णता भिंतीतल्या एका स्क्रूवर, दर वेळी फ्युजर तापताना, निर्माण होत होती.

सैल सांधा व्होल्टेज पाडतो आणि ठिणगी पडताना काही मिलिसेकंद वीज तोडतोही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. अशा छोट्या खंडात संगणक चालू ठेवण्याचं काम एसएमपीएसमधले मोठे कपॅसिटर करतात. त्यांतली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २३० चे १९६ झाले की साठा पाव हिश्शाहून जास्त घटतो आणि २७ टक्के गेल्यावर जे उरतं तेही सगळं वापरता येत नाही. कपॅसिटरवरचं व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की एसएमपीएस हात टेकतो. ती पातळी २०० व्होल्ट धरली तर टिकाव धरण्याचा काळ निम्म्याच्या जवळ येतो. ₹७०० च्या एसएमपीएसमधले कपॅसिटर मुळातच लहान होते. माझ्याकडच्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट आहे. भिंतीत १९६ असोत की २३०, ते आतलं व्होल्टेज ३८० च्या आसपास चढवून ठेवतं. म्हणून खंड तोच असूनही एक कोसळत होता आणि दुसरा टिकत होता.

काय करायचं, यावरची चर्चा

मालकांचा प्रश्न रास्त होता. चांगला एसएमपीएस तीन हजारांच्या आसपास मिळतो आणि त्याने त्रास थांबतो, मग ऐन लग्नसराईत बोर्ड उघडायला दुकान का बंद ठेवायचं? मी त्यांना संगणकाबद्दल काही सांगितलं नाही, ६० वॅटचा हिशेब सांगितला. चांगला एसएमपीएस बसवला असता तर रिस्टार्ट थांबला असता आणि सांध्याची एकमेव तक्रार ऐकू येणं बंद झालं असतं. वर फळ्यांवर कागदाची रिमं रचलेली होती. ते वहिनींकडे पाहून म्हणाले, “आजच बोलवू वायरमनला.”

वायरमनने मेन बंद करून बोर्ड उघडला. दिवाळीला झेरॉक्स मशीनसाठी जी जोडणी वाढवली होती, तिथे न्यूट्रलच्या एकाच स्क्रूखाली तीन वायरी कोंबल्या होत्या. स्क्रू सैल होता, वायरींचं आवरण काळं पडून कडक झालं होतं आणि मागचं प्लास्टिक वितळायला लागलं होतं. त्याने जळालेला भाग कापून सांधा नव्याने केला आणि झेरॉक्स मशीनसाठी एमसीबीपासून (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) २.५ चौरस मिलिमीटरची वेगळी लाइन ओढली.

हा न्यूट्रल एका फेजच्या मीटरनंतरचा, दुकानापुरता होता, म्हणून व्होल्टेज पडण्यावर निभावलं. तीन फेजच्या इमारतीत सगळ्यांचा सामाईक न्यूट्रल सैल झाला तर काही गाळ्यांत व्होल्टेज पडतं आणि काहींत २३० च्या पुष्कळ वर चढतं, थेट ४०० च्या दिशेने. दिवे कुठे मंद आणि कुठे जास्तच प्रखर दिसले की मीटर शोधत बसू नये, मेन बंद करावा.

निकाल

नवी लाइन झाल्यावर फ्युजर तापताना संगणकाच्या सॉकेटवर २१५ व्होल्ट राहू लागले. त्या विजेवर ₹७०० चा एसएमपीएसही रिस्टार्ट न होता चालला. मग तो बदलायचा का? मी दोन्ही बाजू सांगितल्या. तो बिघडलेला नव्हता, जेवढा होता तेवढाच होता. त्यावर ४५० वॅट छापलेलं असलं तरी खाली १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिलेलं होतं, म्हणजे १९२ वॅट. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः त्या १२ व्होल्टवरच चालतात, म्हणून एसएमपीएस घेताना मोठ्या आकड्याऐवजी तो रकाना वाचावा. गावात लाइट येते-जाते, महिन्याभराच्या पत्रिका त्या यंत्रावर अवलंबून. मालकांनी अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचा एसएमपीएस घेतला. मदरबोर्डचे पैसे वाचले. लग्नसराई आणि त्यानंतरची जूनमधली प्रवेशाच्या फॉर्मांची गर्दी, दोन्हींत तक्रार पुन्हा आली नाही.

पाच वर्षं चाललेला मूळ एसएमपीएस दुकानात पडून होता. कुतूहल म्हणून दुरुस्त झालेल्या लाइनवर तो लावून पूर्ण भार दिला. १२ व्होल्टची वायर ११.२८ वर गेली, म्हणजे ११.४० च्या हद्दीखाली. गोंदाला गळती म्हणण्यात आधीचा दुरुस्तीवाला चुकला असला, तरी एसएमपीएस बदलण्याचा त्याचा निर्णय बरोबरच होता. दोन दोष एकावर एक बसले होते. एक काढल्यावर त्रास कमी झाला आणि दुसरा राहिल्यामुळे पहिला उपाय वाया गेल्यासारखा वाटला. “कमी झाला पण थांबला नाही” हे वाक्य तक्रारीत असेल तर दोन कारणांची शक्यता धरूनच पुढे जावं. मालकांनी त्याचे एसएमपीएसचे पैसे अडवून ठेवले होते. मी त्यांना हा आकडा दाखवला आणि त्यांनी ते त्याला दिले.

वेगळं काय करता आलं असतं

भिंतीतलं मोजमाप या प्रकरणात शेवटी झालं, ते सुरुवातीला होऊ शकलं असतं. संगणक आपोआप रिस्टार्ट होतो म्हटल्यावर पहिली पाच मिनिटं सॉकेटला द्यावीत: फेज-न्यूट्रल, न्यूट्रल-अर्थ, आणि त्याच बोर्डावरचं सगळ्यात जड यंत्र चालू करून पुन्हा तेच. मीटर नसलेल्यांसाठी याचीच सोपी आवृत्ती म्हणजे संगणक दोन दिवस दुसऱ्या खोलीतल्या, दुसऱ्या एमसीबीवरच्या सॉकेटवर चालवणं. यात खर्च शून्य आणि उत्तर बहुधा मिळतं. मात्र एकाच खोलीतले दोन सॉकेट अनेकदा एकाच लाइनवर असतात, तेव्हा जागा बदलली म्हणजे लाइन बदलली असं धरू नये.

दुसरा प्रश्न आधीच विचारायला हवा होता: त्रास सुरू होण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत दुकानात काय बदललं? “संगणकात काय बदललं” असं विचारलं तर उत्तर “काहीच नाही” येतं, आणि ते खरंही असतं. झेरॉक्स मशीन आणि यूपीएस ही माहिती मालकांनी लपवली नव्हती, त्यांना ती संगणकाशी जोडावीशी वाटली नव्हती.

यूपीएसचं राहून राहून वाईट वाटतं. बोलता बोलता वहिनी म्हणाल्या, “तो सारखा टकटक करायचा, दिवसातून कितीदा तरी.” लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसची ती टकटक म्हणजे आतला रिले पडतोय, वीज हद्दीबाहेर गेली म्हणून यूपीएस व्होल्टेज सावरतोय किंवा संगणक बॅटरीवर नेतोय. दिवाळीनंतर तो रोज हे सांगत होता आणि बॅटरीही बहुधा त्या धावपळीनेच लवकर संपली. तेव्हाच कोणी बोर्ड उघडून पाहिला असता तर मार्च उजाडण्याआधी सांधा सापडला असता.

नंतर त्याच यूपीएसला नवी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी बसवली. एक खबरदारी घेतली. अशा यूपीएसची बॅटरीवरची वीज बहुधा खऱ्या साइन वेव्हची, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लाटेची, नसते आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसीच्या काही एसएमपीएसना ती मानवत नाही, लाइट जाताच संगणक बंद पडतो. म्हणून सगळं जोडून, संगणकाला पूर्ण भार देऊन भिंतीतला प्लग काढून पाहिला. तो चालू राहिला. मग यूपीएस फक्त संगणक आणि मॉनिटरसाठी ठेवला आणि झेरॉक्स मशीन किंवा लेझर प्रिंटर त्यावर कधी लावायचा नाही, हे त्याच्या मागच्या सॉकेटजवळ चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं.